पांढऱ्या पाटीचा टेम्पो

मी एका सरळ माणसाला सरकारी टेबलासमोर खोटारडा ठरवलं. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता आणि त्याची बाजू मांडायची फी मी त्याच्याकडूनच घेतली होती. हे आधीच लिहून टाकतो. एकदा मी धंद्यातले किस्से सांगायला लागलो की लोक हसतात, मलाही बरं वाटतं, आणि हे सांगायचं राहून जातं. इतकी वर्षं तसंच राहून गेलं.

संपादकांनी फोनवर म्हटलं होतं, "तुमच्या व्यवसायातल्या गमती लिहा, दिवाळी आहे." गमती आहेत, लिहितोही. पण मला स्वतःचा राग आलेला आहे आणि तो लपवून लिहिणं मला जमणार नाही.

मी विक्रीकर सल्लागार. भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर, कापडाच्या एका दुकानाच्या वर माझं ऑफिस. मी वकील नाही. बी.कॉम. झाल्यावर एका जुन्या सल्लागाराच्या हाताखाली सात वर्षं फायली उचलल्या आणि मग स्वतःचा बोर्ड लावला. पण आमच्याकडचे सगळे व्यापारी आम्हाला 'वकीलसाहेब' म्हणतात आणि आम्ही त्यांना 'पार्टी' म्हणतो. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. वकील म्हटलेलं ऐकायला गोड लागायचं.

२००५ साली व्हॅट आला. ज्यांना या भानगडीशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सोप्या शब्दांत सांगतो. व्यापारी माल घेताना कर भरतो आणि विकताना गिऱ्हाइकाकडून कर घेतो. विक्रीच्या करातून खरेदीचा कर वजा करायचा आणि उरेल तो सरकारला द्यायचा. या वजावटीला आम्ही सेट-ऑफ म्हणायचो. कारखान्यासाठी मशीन घेतलं तर त्यावरच्या कराचा सेट-ऑफ मिळायचा. माल वाहायला टेम्पो घेतला तर त्याचाही मिळायचा. पण माणसं बसायची गाडी घेतली, तर नाही. गाड्या विकायचा किंवा भाड्याने द्यायचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी त्या गाडीतून दिवसभर ऑर्डरी गोळा केल्या काय आणि बायकोला माहेरी नेलं काय, नियम एकच. आठवड्यातले सहा दिवस धंद्याचे आणि एक दिवस घरचा, तेव्हा सहा दिवसांपुरता तरी सेट-ऑफ द्या, असली वाटणी आमच्या नियमात नव्हती.

ही गोष्ट पार्टीच्या गळी उतरवणं हेच माझं त्या वर्षांतलं मोठं काम होतं. काशीमीऱ्याला मार्बलचं गोडाऊन असलेले एक शेठ होते. नवी कोरी लांबलचक गाडी घेऊन आले आणि बिल माझ्या टेबलावर ठेवलं.

"वकीलसाहब, गाड़ी फर्म के नाम पे है. पूरा सेट-ऑफ चाहिए."

"शेठ, पण गाडीत बसतं कोण?"

"मैं बैठता हूँ. मिसेस बैठती है. मिसेस फर्म में पार्टनर है."

"आणि मुलं?"

"वो फ्यूचर के पार्टनर है."

दुसरे एक हार्डवेअरवाले होते. त्यांनी पुरावा म्हणून फोटोच काढून आणला होता. त्यात गाडीच्या मागच्या सीटवर सिमेंटची गोणी होती, आणि गोणीला सीटबेल्ट लावलेला होता. म्हणाले, "देखो, माल जाता है के नहीं?" मी म्हटलं, "शेठ, मालाची तुम्ही मिसेसपेक्षा जास्त काळजी घेताय." तेही हसले.

दोघांनाही मी नाही म्हटलं. पुढे कित्येक वर्षं हे दोन किस्से मी सल्लागारांच्या बैठकांत आणि लग्नाच्या पंगतींत सांगितले. मी कसा नियमाला धरून चालतो, हे त्यातून ऐकणाऱ्याला आपोआप कळावं, असा माझा हेतू असायचा. धडधडीत ढोंग होतं ते. मोठ्या पार्टीची फाइल तपासली जाते, एवढ्या एकाच भीतीने मी त्यांना नाही म्हटलं होतं. छोट्याची फाइल कोण उघडतंय, हे मी मनात धरून चाललो होतो.

दत्ताराम घाणेकर छोटा होता.

दत्ताराम रत्नागिरीकडचा. गिरणी सुटल्यावर त्याने भाईंदरला एका गाळ्यात मिरची कुटायचं मशीन टाकलं. तो आणि त्याची बायको सुलोचना वहिनी मिळून मसाला करायचे आणि हायवेवरच्या हॉटेलांना पुरवायचे. त्यांच्या गाळ्यात गेलं की मला पहिली पाच मिनिटं फक्त शिंका यायच्या. वहिनी म्हणायच्या, "वकीलसाहेब आले की मिरचीला आपोआप कळतं."

व्हॅट आल्याच्या पुढच्या वर्षी त्याने गाडी घ्यायचं ठरवलं आणि मला विचारायला आला. मी म्हटलं, सरळ मालाचा टेम्पो घ्या.

"पण साहेब, पिवळ्या पाटीची गाडी घेऊन गणपतीला गावी कसा जाणार? घरची सहा माणसं कुठे घालू?"

म्हणून त्याने व्हॅन घेतली. पांढरी पाटी, म्हणजे खासगी गाडी. मागची सीट त्याने बोल्ट काढून घरी नेली आणि तिच्या जागी मसाल्याचे डबे भरायला लागला. ती सीट त्याच्या घरात भिंतीला टेकवून ठेवलेली असायची आणि पाहुणे आले की तिच्यावर बसायचे. गणपती आले की सीट पुन्हा गाडीत जायची. गाडीला तो 'टेम्पो' म्हणायचा. आमच्या भागात ज्या गाडीतून माल जातो तिला सगळेच टेम्पो म्हणतात, तिची पाटी कुठल्या का रंगाची असेना.

माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दत्ताराम स्वतः ती सीट बसवून आईला दवाखान्यात घेऊन गेला आणि परत आणून सोडलं. आई घरात आल्या आल्या म्हणाली, "डोळ्यावर पट्टी होती, पण गाडीत गरम मसाल्याचा वास होता हे मला कळलं." म्हणजे त्या गाडीचा खासगी वापर काय असतो, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो वापर माझ्याच घरचा होता.

तरी मी सेट-ऑफ घेतला, पार्टीचे पैसे वाचवले की सल्लागार हुशार दिसतो म्हणून. दत्तारामने मागितला नव्हता. उलट त्याने विचारलं होतं, "साहेब, हे चालतं ना? गाडी घरालाही लागते आमच्या."

मी म्हटलं, "तुम्ही मसाला कुटा. कायदा मी बघतो."

आता आमच्या धंद्यातली एक घाणेरडी सवय सांगतो. पार्टीला दर वेळी सहीसाठी बोलावणं गैरसोयीचं असतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच तिच्या पाच-सहा कोऱ्या लेटरहेडवर सह्या घेऊन ठेवायच्या. मग काय लागेल ते आम्ही वर टाइप करायचो. पार्टीला आपण कशावर सही केली हे ठाऊक नसायचं. शेवटी एक ओळ ठरलेली असायची, 'पार्टीने दिलेल्या माहितीवरून'. त्या ओळीचा मी रबरी शिक्काच करून घेतला होता. त्या शिक्क्याच्या आड आम्ही सल्लागार निवांत बसायचो.

दोन-अडीच वर्षांनी दत्तारामची फाइल तपासणीला निघाली. सेट-ऑफचा तपशील मागवला गेला. मी त्याच्या सहीचं एक कोरं लेटरहेड काढलं आणि त्यावर टाइप केलं, 'मालवाहू टेम्पो, एक नग'. त्या ओळीत 'मालवाहू' हा शब्द माझा. दत्तारामने तो आयुष्यात उच्चारला नसेल. मी शिक्का मारला आणि ते पत्र फाइलला लावलं.

सुनावणी ठाण्याला होती. दत्ताराम म्हणाला, "बसने कशाला धक्के खात जायचं? टेम्पो आहे ना." म्हणून आम्ही त्याच गाडीतून घोडबंदर रोडने गेलो. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो होतो आणि वाटेत त्याला पढवत होतो, "आत तुम्ही काही बोलायचं नाही. विचारलं तर माझ्याकडे बघायचं."

अधिकारी बाई होत्या. शांत, कामाला वाघ. त्यांनी गाडीचं बिल मागितलं आणि चष्मा नाकावर घेतला.

"घाणेकर, या बिलावर तर व्हॅन आहे."

दत्तारामने माझ्याकडे बघितलं. मी खाली फाइलीत बघत होतो. मग तोच बोलला, "हो मॅडम. आम्ही तिला टेम्पो म्हणतो."

"नंबरप्लेट कुठल्या रंगाची?"

"पांढरी."

"मागे सीट आहे?"

"आहे ना मॅडम. पण सध्या घरी आहे. पाहुणे बसतात तिच्यावर."

बाईंना हसू आलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी पत्र उचलून माझ्यासमोर धरलं. "इथे तर स्पष्ट मालवाहू लिहिलंय. सल्लागारसाहेब, तुम्ही गाडी बघितली होती का?"

हा प्रश्न म्हणजे मला दिलेली सुटायची वाट होती, हे आज कळतं. 'बघितली होती, लिहिताना चूक माझी झाली' एवढं म्हटलं असतं तर कर आणि व्याज भरून विषय मिटला असता. फार तर चार शब्द मी ऐकून घेतले असते. पण माझ्या आणखी वीस फायली त्याच ऑफिसात होत्या. उद्यापासून माझ्या प्रत्येक कागदाकडे संशयाने बघितलं जाईल, असं मला वाटलं.

मी म्हटलं, "नाही मॅडम. गाडी मी बघितलेली नाही. पार्टीने सांगितलं त्यावरून लिहिलं."

गाडी खाली उभी होती. तिच्यातून उतरून मला तासही झाला नव्हता.

"घाणेकर, असं आहे का?"

दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला. मी इशारा करीन, अशी त्याला अजून आशा होती की काय कोण जाणे. मग तो म्हणाला, "सही माझी आहे, मॅडम."

तो खोटं बोलला नाही आणि माझं खोटंही त्याने उघडं पाडलं नाही. सही त्याची होती, तेवढंच तो बोलला.

परत जाताना माझा निर्लज्जपणा बघा. बसने जातो म्हणून वेगळं व्हायचं धैर्यही माझ्यात नव्हतं. मी पुन्हा त्याच गाडीत, त्याच सीटवर बसलो. काशीमीऱ्याचा सिग्नल आला. समोर ट्रकची रांग लागली तेव्हा त्याने विचारलं, "वकीलसाहेब, आत तुम्ही तसं का म्हणालात?"

"धंद्यात असंच करायला लागतं दत्तारामभाऊ. वकिलावर आलं तर सगळ्याच पार्ट्यांवर येतं."

"अस्सं," तो म्हणाला. त्याने गिअर टाकला. भांडला असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

आदेश आला. कर आणि व्याज तर होतंच, वर दंड होता, आणि कारण लिहिलं होतं की व्यापाऱ्याने जाणूनबुजून चुकीचा तपशील सादर केला. बाईंच्या समोर जे आलं त्यावरून त्यांनी लिहिलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. दत्तारामने सगळं भरून टाकलं. मी अपिलाचं विचारलं तर म्हणाला, "राहू दे."

मला वाटलं, विषय संपला. माझ्यापुरता तो संपलाही असता. पण महिनाभराने वहिनी ऑफिसात आल्या. गाळ्यातून तशाच आल्या होत्या, बाह्यांना मिरचीचा लाल भुगा लागलेला. मी 'बसा' म्हटलं, त्या बसल्या नाहीत.

"आमच्या गावच्या मंडळाचं खजिनदारपद यांनी सोडलं. माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. भाईंदर, नालासोपारा, विरार इथे राहणाऱ्या त्यांच्या गावकऱ्यांचं मंडळ होतं. देवळाचं काम, गावच्या शाळेचे पत्रे, कोणाच्या आजारपणाला मदत, असा सगळा पैसा या मंडळात जमायचा. चौदा वर्षं त्या पैशांची पेटी दत्तारामच्या घरी होती. चौदा वर्षांत कोणी त्याला हिशोब विचारला नव्हता, तरी तो दर वर्षी सभेत उभा राहून पैन्‌पैचा हिशोब वाचायचा.

"का सोडलं?" मी विचारलं.

"का म्हणून मलाच विचारताय? म्हणाले, ज्याच्या नावावर सरकारने खोटेपणा लिहिलाय, त्याच्या घरात गावचे पैसे नकोत. पेटी स्वतः उचलून अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली. दंडाचं मला काही वाटत नाही वकीलसाहेब. मिरचीचा भाव वाढतो तेव्हा तेवढं नुकसान आमचं होतंच. पण तुम्ही माझ्या माणसाला खोटं पाडलंत. तुमची आई आमच्या गाडीत बसून आली तेव्हा गाडी दिसली होती ना तुम्हाला?"

"वहिनी, कायदा असा आहे की..."

"कायदा गेला खड्ड्यात. मी गाडीचं विचारतेय."

त्या गेल्या. टेबलाच्या कडेवर त्यांच्या बोटांचे लाल ठसे उमटले होते. मी फडक्याने ते पुसले आणि पुढच्या पार्टीला आत बोलावलं. हो, बोलावलं. माझ्याबद्दल कोणाला सहानुभूती वाटू लागली असेल तर म्हणून सांगतो.

एका सहकाऱ्याकडे मी विषय काढून बघितला. तो पान लावत होता. म्हणाला, "अरे, पार्टीवर नाही ढकलायचं तर कोणावर ढकलायचं? स्वतःवर?" आणि खो खो हसला. त्याचा राग यायला मी त्याच्यापेक्षा वेगळा असायला हवा होतो. आम्ही सगळे असेच होतो. मार्बलच्या शेठशी नमून, हसून बोलायचो आणि मसालेवाल्याच्या सहीवर स्वतःची चूक टाइप करायचो. गाळ्यात राबणाऱ्या माणसाला इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही, या एका गोष्टीवर आमची घरं चालत होती. हे कोणी बोलत नाही. मी बोलतोय, कारण मी त्या पैशांवर मुलं शिकवली आहेत.

असं एक वर्ष गेलं. मग ब्युटी पार्लरचं सामान विकणारी एक नवी पार्टी आली. वीस-बावीस वर्षांची मुलगी, वडील नुकतेच वारलेले. मी सवयीने सहा कोरी लेटरहेड पुढे सरकवली.

"सर, सही कुठे करू?"

"खाली. सगळ्यांवर."

"वर काय लिहिणार तुम्ही?"

"ते मी बघतो."

"बरं," म्हणाली आणि सह्या करू लागली. चौथ्या कागदावर मी तिचा हात अडवला. कागद ओढून घेतले आणि तिच्यासमोरच फाडले. ती घाबरली. "सर, माझं काही चुकलं का?" मी तिच्यावर ओरडलोच, "कोऱ्या कागदावर सही का करतेस? कोणीही सांगितलं तरी? मी सांगितलं तरी?" बिचारी पर्स उचलून गेली. पुन्हा कधी आली नाही.

त्याच दुपारी मी प्रतिज्ञापत्र लिहायला बसलो. त्यात लिहिलं, पत्रावरची सही कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ घेतलेली होती. 'मालवाहू' हा शब्द माझा होता. गाडी घरीही वापरली जाते हे व्यापाऱ्याने मला खरेदीच्या वेळीच सांगितलं होतं. गाडी मी अनेकदा बघितली होती आणि सुनावणीला तिच्यातूनच गेलो होतो. शेवटी रबरी शिक्का मारला नाही. ते घेऊन दत्तारामच्या गाळ्यात गेलो आणि अपिलाच्या कागदांवर सही मागितली.

त्याने प्रत्येक पान वाचलं. जिथे कळलं नाही तिथे विचारलं. तासभर लागला. मग म्हणाला, "तुमच्यावर येईल ना हे?"

"येऊ दे."

त्याने सही केली. चहा विचारला नाही. वहिनी मशीनवरून उठल्या नाहीत.

अपील मुदतीनंतरचं होतं. उशिराचं कारण म्हणून मी माझा भित्रेपणा लिहिला. तसल्या अर्जात असलं कारण क्वचितच येत असावं. उशीर माफ झाला आणि दंड रद्द झाला. कर आणि व्याज कायम राहिलं, ते राहायलाच हवं होतं. मला तिथे जे ऐकावं लागलं ते ऐकलं. काही पार्ट्यांनी फायली परत नेल्या. 'वकील स्वतःवरच घेतो, तर आपलं काय करेल' असं त्यांच्यात बोललं गेलं म्हणे.

पण दंड रद्द झाला म्हणून माणूस मोकळा झाला, असं होत नाही. आदेशाची प्रत मंडळात कोण वाचणार? तिथे एवढंच माहीत होतं की दत्ताराम सरकारी भानगडीत सापडला आणि त्याने पेटी सोडली. म्हणून मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला आणि वार्षिक सभेत पाच मिनिटं मागितली.

सभा रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांचे बाक, त्यांवर गुडघे दुमडून बसलेली पन्नासेक माणसं. बेस्टमधले, पोस्टातले, वॉचमन, रिक्षावाले. दत्ताराम तिसऱ्या बाकावर होता. मी येणार हे त्याला सांगितलेलं नव्हतं. मला बघून त्याने मान खाली घातली.

मी प्रतिज्ञापत्र वाचलं. मग अपिलाचा आदेश वाचला. मागून एकाने विचारलं, "म्हंजे दंड माफ झाला ना? मग झालं तर."

पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "साहेब, कागद वाचलेत ते बरं केलंत. पण कागद आम्हाला काय कळतात? तुम्ही त्याच्याशी बोला."

मी फळ्यापासून निघून तिसऱ्या बाकापाशी गेलो. दत्ताराम उठायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो पुन्हा बसला. मी वाक्यं ठरवून आलो होतो, त्यातलं एकही आठवेना.

"दत्तारामभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी खोटं बोलला नाहीत. मी बोललो. भीतीने बोललो, आणि तुम्ही गप्प बसाल हे माहीत होतं म्हणून बोललो. मला माफ करा."